येळ्ळूरच्या परड्यातून तारकागुच्छ : सीस्टार एस-५० दुर्बिणीचा दोन हंगामांचा अनुभव

तारकागुच्छांची, म्हणजे एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांच्या पुंजक्यांची, छायाचित्रे घरच्या परड्यातून घेता यावीत, एवढ्या एकाच हेतूने मी झेडडब्ल्यूओ या चिनी कंपनीची सीस्टार एस-५० ही दुर्बीण घेतली. दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे ती वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. आमचे घर बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूर गावाच्या कडेला आहे. उत्तरेकडे शहराचा पिवळट उजेड आभाळात बराच वर चढलेला असतो आणि दक्षिणेकडे भातशेती असल्यामुळे तिकडचे आभाळ त्यामानाने काळे राहते. या दुर्बिणीवरचा बहुतेक मजकूर युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी आपापल्या आकाशाचा विचार करून लिहिलेला आहे. आपण सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर राहतो आणि एवढ्या एका गोष्टीमुळे दुर्बीण वापरण्याची रीत पुष्कळ बदलते. ती रीत समजून घेतली तर तारकागुच्छांसाठी हे यंत्र फार चांगले आहे, असे माझे मत झाले आहे. ती न समजता घेतलेली माझी पहिल्या महिन्याची जवळजवळ सगळी छायाचित्रे मला टाकून द्यावी लागली.

प्रथम यंत्राविषयी थोडक्यात. भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर, केंद्रांतर २५० मिलिमीटर, वजन अडीच किलो. दुर्बीण, कॅमेरा, ती फिरवणाऱ्या मोटारी, बॅटरी आणि ६४ जीबीची साठवण हे सारे एकाच डब्यात बसवलेले आहे. आत सोनी कंपनीचा आयएमएक्स ४६२ हा संवेदक असून चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचे (पिक्सेलचे) येते. दुर्बीण मोबाइलवरून चालते. ॲपमध्ये तारकागुच्छाचे नाव निवडले की ती आभाळाचा एक फोटो काढून आपण कुठे पाहत आहोत हे ताऱ्यांवरून ओळखते, नेमक्या जागी वळते आणि दहा-दहा सेकंदांचे फोटो घेऊन ते एकावर एक रचत जाते. फोटोंची संख्या शंभरपट झाली की चित्रातला खरखरीतपणा दहापट कमी होतो, त्यामुळे मोबाइलवर चित्र डोळ्यांदेखत स्वच्छ होत जाताना दिसते. या यंत्रातून डोळा लावून पाहण्याची सोय नाही, डोळ्याला लावायचे भिंग, म्हणजे आयपीसच नाही. ज्यांना ताऱ्यांचा प्रकाश स्वतःच्या डोळ्यात पडावा असे वाटते, त्यांनी हे खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावे.

शहरालगतच्या परड्यातून पाहायला तारकागुच्छच का निवडावेत, याचे कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. ताऱ्याचा सगळा उजेड संवेदकाच्या मोजक्या बिंदूंवर एकवटतो, तर शहराचा उजेड चित्रभर सारखा पसरतो. रचलेल्या चित्रातून हा सारखा पसरलेला उजेड वजा करता येतो आणि तारे शिल्लक राहतात. तेजोमेघ (वायू आणि धुळीचे ढग) किंवा दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखी दूरची ताराविश्वे) यांचा उजेड मुळातच विरळ पसरलेला असल्यामुळे तो शहराच्या उजेडात विरघळून जातो. ययाती तारकासमूहातला जोडगुच्छ, म्हणजे एनजीसी या खगोलसूचीतले ८६९ आणि ८८४ क्रमांकाचे गुच्छ, आमच्याकडून नेमका बेळगाव शहराच्या डोक्यावर दिसतो. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीही दिसत नाही, तरीही वीस मिनिटांच्या रचनेत दोन्ही गुच्छ आणि त्यांच्यामधले नारिंगी तारे स्पष्ट उमटले. याउलट कृत्तिकांभोवतीची निळी धूसरता मिळवण्यासाठी मी चार रात्री घालवल्या आणि हाती जेमतेम एक पुसट छटा लागली. ती धूसरता म्हणजे कृत्तिकांच्या उजेडात उजळलेली धूळ आहे आणि तिचा उजेड पसरट आहे. तिच्यासाठी जांबोटीच्या पलीकडे अंधारात जाणेच योग्य.

प्रकाश प्रदूषण कमी करणारी एक गाळणी दुर्बिणीत बसवलेली आहे. तारकागुच्छांसाठी ती बंद ठेवावी. ती ठरावीक रंगांचाच प्रकाश आत सोडते, जो तेजोमेघांचा असतो. ताऱ्यांचा प्रकाश सर्व रंगांचा असतो, त्यामुळे गाळणी लावली की तारे मंद होतात आणि त्यांचे खरे रंग जातात. गाळणी लावून काढलेल्या माझ्या पहिल्या चित्रांत तांबडे आणि निळे तारे यांतला फरकच उरला नव्हता.

आता अक्षांशाचा मुद्दा, ज्यासाठी मी मुख्यतः हे लिहायला बसले. ही दुर्बीण सपाट जमिनीवर उभी राहून डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशी फिरते. आभाळ मात्र ध्रुवाभोवती फिरते. म्हणून गुच्छ चौकटीच्या मध्यावर धरून ठेवला तरी चौकटीतले चित्र स्वतःभोवती हळूहळू वळत राहते. हे वळणे किती असेल ते तीन गोष्टींवर ठरते : आपला अक्षांश, ताऱ्याची उंची आणि ताऱ्याची दिशा. विषुववृत्ताजवळ ते सर्वांत जास्त असते. क्षितिजापासून ७० अंश उंचीवर, उत्तर-दक्षिण रेषेवर असलेली चौकट लंडनमध्ये तासाला सुमारे २७ अंश वळेल आणि आपल्याकडे सुमारे ४२ अंश. दहा सेकंदांच्या एका फोटोत चौकटीच्या कोपऱ्यातला तारा त्यामुळे दोन बिंदूंहून थोडा अधिक सरकतो, जे चालून जाते. तीस सेकंदांचा फोटो घेतला तर तो सहा-सात बिंदू सरकतो आणि कोपऱ्यातले सगळे तारे कमानीसारखे वाकलेले दिसतात. ॲपमध्ये २० आणि ३० सेकंदांची सोय आहे म्हणून ती वापरण्याचा मोह होतो. आपल्याकडे, निदान डोक्यावरच्या गुच्छांसाठी, तो आवरावा.

यातून सुटण्याची वाटही भूमितीच दाखवते. तारा नेमका पूर्वेला किंवा नेमका पश्चिमेला असतो तेव्हा चौकटीचे वळणे शून्य होते. युरोपात तारे तिरके चढतात आणि लवकरच दक्षिणेकडे झुकतात. आपल्याकडे ते जवळजवळ सरळ वर चढतात आणि बराच वेळ पूर्वेलाच राहतात. ज्या अक्षांशामुळे आपले नुकसान होते, त्याच अक्षांशाचा हा लाभ आहे. मिथुन राशीतला मेसिए ३५ (मेसिए या खगोलशास्त्रज्ञाच्या सूचीतला ३५ वा) हा गुच्छ पूर्वेला ५० अंश उंचीवर असताना चौकट तासाला जेमतेम सात अंश वळते, आणि तोच गुच्छ तीन तासांनी माथ्याजवळ पोहोचला की हे वळणे तासाला शंभर अंशांच्या घरात जाते. गुच्छ तोच, दुर्बीण तीच आणि रात्रही तीच असून चित्रे मात्र दोन वेगळ्या यंत्रांनी घेतल्यासारखी येतात. गुच्छ डोक्यावर येण्याची वाट पाहावी, कारण तिथे हवेचा थर सर्वांत पातळ असतो, हा सल्ला मी सुरुवातीला प्रमाण मानला होता. कृत्तिका, मेसिए ३५, पुष्यातला मेसिए ४४ आणि त्याच्या खालचा मेसिए ६७ हे आपले हिवाळ्यातले उत्तम गुच्छ जवळजवळ माथ्यावरून जातात आणि माथा हीच या प्रकारच्या दुर्बिणीची सर्वांत अवघड जागा आहे. त्यांना पूर्वेला ४० ते ६० अंशांमध्ये गाठावे. मेसिए ३५ साठी ही वेळ डिसेंबरअखेरीस रात्री दहाच्या सुमारास येते.

नंतरच्या सॉफ्टवेअरमध्ये दुर्बीण ध्रुवाच्या रोखाने कलती ठेवून चालवण्याची सोय आली आणि तिच्यामुळे चौकटीचे वळणे मुळातच थांबते. आपल्या अक्षांशावर मात्र यासाठी दुर्बीण उभ्या रेषेपासून ७४ अंश कलवावी लागते, म्हणजे ती जवळपास आडवीच होते. अडीच किलोचा डबा तिपाईच्या एका बाजूला लोंबकळतो आणि तिपाई कलंडण्याची भीती राहते. शिवाय ध्रुवतारा आमच्याकडे अवघा १६ अंश उंच असून शेजारच्या घराच्या कौलांआड जातो. मी तीन रात्री प्रयत्न केला, तिपाईच्या पायांना विटांचे वजनही बांधले आणि शेवटी ही पद्धत सोडून दिली. ज्यांच्याकडे जड तिपाई आणि उत्तरेला मोकळे आभाळ आहे त्यांनी ती अवश्य करून पाहावी. तारकागुच्छांसाठी मात्र योग्य वेळ निवडली तर तिच्याशिवाय काही अडत नाही.

कोणते गुच्छ चौकटीत नीट बसतात, हा पुढचा प्रश्न. चौकट सुमारे सव्वा अंश लांब आणि पाऊण अंशाहून किंचित कमी रुंद आहे. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, त्यावरून अंदाज करता येईल. कृत्तिका जवळजवळ दोन अंश पसरलेल्या असल्यामुळे त्या एका चौकटीत मावत नाहीत. मेसिए ४४ आणि वृश्चिकाच्या शेपटीजवळचा मेसिए ७ हेही बाहेर सांडतात. शेजारशेजारचे फोटो जोडून मोठी चौकट करण्याची सोय ॲपमध्ये आहे आणि ती बरी चालते, पण वेळ दुप्पट लागतो आणि तेवढ्या वेळात गुच्छ पूर्वेची सोयीची जागा सोडून वर सरकतो.

मेसिए ३५ मात्र या चौकटीसाठीच घडवल्यासारखा आहे, आणि माझ्या दोन हंगामांतले सर्वांत आवडते चित्र त्याचेच आहे. चौकटीच्या मध्यावर निळसर, मोकळे, टपोरे तारे येतात आणि एका बाजूला एनजीसी २१५८ हा दुसरा गुच्छ एखाद्या पिवळट डागासारखा बसतो. पहिल्या पाच मिनिटांत तो डागच राहतो. पंधरा मिनिटांनी त्याला दाणे सुटू लागतात आणि पाऊण तासाने त्यात पन्नासेक तारे मोजता येतात. मेसिए ३५ सुमारे २,८०० प्रकाशवर्षे दूर आहे. एनजीसी २१५८ त्याच्या चौपटीच्या आसपास दूर आहे आणि वयानेही फार मोठा, म्हणजे सुमारे दोन अब्ज वर्षांचा आहे. त्याचे निळे, तापट, अल्पायुषी तारे कधीच संपून गेले आणि पिवळे-तांबडे उरले. एकाच चौकटीत तरुण आणि वृद्ध, जवळचा आणि दूरचा असे दोन गुच्छ रंगांसह दिसतात. मी शाळेत विज्ञान शिकवते. ताऱ्यांच्या वयाचा आणि रंगाचा संबंध फळ्यावर समजावताना मला जे जमले नव्हते, ते या एका छापील चित्राने मुलांना कळले.

दक्षिणेकडचा मोठा ठेवा म्हणजे नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी. आपल्या आकाशगंगेतला हा सर्वांत मोठा गोलाकार तारकागुच्छ, म्हणजे दाटीने गोळा झालेल्या जुन्या ताऱ्यांचा चेंडू, आहे. अंतर सुमारे १७,००० प्रकाशवर्षे, तारे सुमारे एक कोटी, आणि आकार पौर्णिमेच्या चंद्राहून मोठा. लंडनहून तो कधीच उगवत नाही, दिल्लीहून तो क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो आणि आमच्या परड्यातून जवळजवळ २७ अंश. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांना याची नोंद करण्यासाठी १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावर असावे लागले होते. आम्हांला तो मेच्या मध्यास रात्री साडेदहाच्या सुमारास शेताच्या बांधावरच्या आंब्याच्या वर सापडतो. तो इतका खाली असल्यामुळे हवेचा दाट थर मध्ये येतो, म्हणून रात्र निवडून घ्यावी लागते. माझ्या अनुभवाने वळवाचा पाऊस पडून गेल्यानंतरची रात्र सर्वांत चांगली. उन्हाळ्याची सगळी धूळ त्या एका सरीने खाली बसते आणि दक्षिणेचे आभाळ धुऊन निघते. मात्र त्या रात्री जमीन ओली असते आणि तिपाईचे पाय मातीत रुतून दुर्बीण दर अर्ध्या तासाने किंचित कलते. मी आता परड्यातल्या धुण्याच्या दगडावर तिपाई ठेवते. ॲपमधला समपातळीचा लहान गोल मध्यावर येईपर्यंत एका पायाखाली पत्र्याची चकती सरकवते. हे पाच मिनिटांचे काम आहे, पण ते टाळले तर रचनेत घ्यायचे निम्मे फोटो दुर्बीण स्वतःच नाकारते.

पहिल्यांदा ओमेगा सेंटॉरी नीट मिळाला ती रात्र रोहिणी निघायच्या थोडी आधीची होती. धूळवाफ पेरणीसाठी शेत तयार करून सासरे उशिरा परतले होते. मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला आणि म्हणाले, “रवा सांडल्यागत दिसालाय की गं. हे सगळे तारेच म्हणायचे?” मी हो म्हटल्यावर ते बाजेवर बसले आणि चित्रात नवे दाणे उमटताना अर्धा तास पाहत राहिले. रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावे त्यांच्या तोंडी पेरणी आणि पावसासाठी असतात. त्या रात्री त्यांनी प्रथमच मला विचारले की, रोहिणीचा तारा आभाळात नेमका कुठे असतो. त्या दिवसांत सूर्यच त्या नक्षत्राजवळ असल्यामुळे तो दिसत नाही, हे त्यांना सांगितल्यावर डिसेंबरात दाखव, असे त्यांनी बजावले आणि मी तो दाखवला.

गोलाकार गुच्छांपैकी शौरीतला मेसिए १३ पाऊस सुरू होण्यापूर्वी, मेमध्ये मध्यरात्रीनंतर मिळतो. ज्येष्ठा ताऱ्याला लागून असलेला मेसिए ४ आणि धनू राशीतला मेसिए २२ हेही सोपे आहेत. या गुच्छांच्या बाबतीत ॲपने तयार केलेल्या चित्रावर मी समाधानी नाही. ॲप चित्र आपोआप उजळते आणि गुच्छाचा गाभा पांढराफटक होतो. मूळ फोटो फिट्स या, खगोलचित्रांची सगळी माहिती जपणाऱ्या, स्वरूपात साठवण्याचा पर्याय सुरू ठेवावा आणि ते सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये संगणकावर स्वतः रचावेत. गाभ्यातले तारे मूळ फोटोंत शाबूत असतात, फक्त ते हळुवारपणे उजळावे लागतात. दोन-तीन संध्याकाळी त्यात घालवल्या तर हे सहज जमते.

चंद्राविषयी आपल्या पंचांगातच उत्तम सूचना आहे. महिन्याचे नाव ज्या नक्षत्रावरून पडले, त्या नक्षत्राजवळ त्या महिन्याच्या पौर्णिमेचा चंद्र असतो. त्यामुळे कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास कृत्तिकांचा आणि पौष पौर्णिमेच्या आसपास पुष्यातल्या मेसिए ४४ चा नाद सोडावा. अमावास्येच्या पुढे-मागे आठ दिवस धरले की हिशेब चुकत नाही.

हवामानाच्या दृष्टीने आमच्याकडे जून ते सप्टेंबर काम पूर्ण बंद असते. नोव्हेंबरात सुगी सुरू झाली की मळणीची धूळ आणि रात्री शेतातले दिवे यांचा त्रास होतो. त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत दव पडते. भिंगावर दव धरू नये म्हणून दुर्बिणीत लहानसा हीटर आहे आणि तो चांगले काम करतो. डब्याचा बाहेरचा भाग मात्र पहाटेपर्यंत ओलाचिंब होतो. तो जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने टिपून, दुर्बीण खोलीत आणून, तासभर उघडी ठेवून मगच पेटीत भरावी. कंपनी बॅटरी सहा तास चालते असे सांगते. हीटर सुरू ठेवल्यास ती लवकर संपते, म्हणून मी मोबाइलची पॉवर बँक जोडून ठेवते. रस्त्यावरच्या एलईडी दिव्याचा झोत थेट भिंगावर येत होता. त्यावर भाताची रिकामी पोती धुण्याच्या दोरीवर टांगणे एवढाच उपाय केला आणि तो पुरेसा ठरला.

खरेदीचा अनुभव तितका चांगला नव्हता. ज्या विक्रेत्याकडून दुर्बीण मागवली, त्याने पाठवलेल्या खोक्यात तिपाईच्या एका पायाचा स्क्रू नव्हता आणि तो मिळवण्यासाठी मला तीन आठवडे फोन करावे लागले. खोके उघडताना मोबाइलवर चित्रफीत काढून ठेवली होती, म्हणूनच माझे म्हणणे मान्य झाले. आयातशुल्क आणि डॉलरच्या दरानुसार किंमत बदलत राहते, तेव्हा दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी. वॉरंटीची दुरुस्ती भारतातच होणार का, हे लेखी विचारून घ्यावे.

याच कंपनीची सीस्टार एस-३० ही लहान दुर्बीणही मिळते. तिचे भिंग ३० मिलिमीटरचे आणि केंद्रांतर १५० मिलिमीटरचे आहे, त्यामुळे चौकट सुमारे दोन अंश लांब पडते. कृत्तिका, मेसिए ४४ आणि मेसिए ७ यांसारखे पसरट गुच्छ हेच ज्यांचे मुख्य आकर्षण असेल, त्यांनी तिचा विचार आधी करावा. मेसिए १३ किंवा ओमेगा सेंटॉरीचे दाणे सुटे दिसायला हवे असतील, तर ५० मिलिमीटरच्या भिंगाला पर्याय नाही. शक्य असल्यास जोडीला एक १० गुणिले ५० ची (दहापट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) साधी द्विनेत्री घ्यावी. आमच्या घरी आता दुर्बीण फोटो रचत असते तेव्हा सासरे त्याच दिशेला द्विनेत्री लावून बाजेवर पडलेले असतात आणि मेसिए ७ आपल्याला मोबाइलच्या आधी सापडला, हे ते मला दर वेळी सांगतात.